मोगलीचे अश्रू

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही काही पालक आणि शिक्षक यांनी मिळून वाशीममध्ये मुलांसाठी एक लहानसे वाचनशिबिर घेतले. मुले पंधरा-वीस, वय आठ ते तेरा. सहा दिवस रोज सायंकाळी तासभर ‘जंगल बुक’मधील मोगलीच्या कथा मराठी अनुवादातून मोठ्याने वाचून दाखवायच्या आणि सातव्या दिवशी त्याच कथांवरचा चित्रपट दाखवायचा, असा साधा बेत होता. मुलांनी कथा कान देऊन ऐकल्या. चित्रपटाच्या दिवशी भिंतीवर पांढरी चादर ताणली, शेजारच्या घरातून वीज घेतली आणि वॉल्ट डिस्नेच्या संस्थेने १९६७ मध्ये काढलेला प्रसिद्ध कार्टूनपट हिंदीतून दाखवला. मुले हसली, गाण्यांवर नाचली, शेवटी टाळ्याही झाल्या. बेत पार पडला म्हणून आम्ही समाधानाने चादर उतरवू लागलो.

एक मुलगी मात्र सतरंजीवरून उठली नव्हती. नऊ वर्षांची असेल. तिने विचारले, “पण बाई, तो रडला कधी?”

आमच्यापैकी कोणालाच लगेच उत्तर सुचले नाही. पहिल्या कथेच्या शेवटी मोगलीला कळप सोडावा लागतो. छातीत काहीतरी दाटून येते, डोळ्यांतून पाणी वाहू लागते आणि त्याला वाटते, आपण मरतो आहोत. तेव्हा बगीरा त्याला सांगतो की हे मरण नव्हे, हे अश्रू आहेत. माणसांना ते येतात. मग मोगली आपल्या लांडगीण आईच्या गुहेत जातो आणि तिला बिलगून रडतो. आम्ही हे पान वाचले त्या संध्याकाळी सारी मुले गप्प झाली होती. चित्रपटात हे पानच नव्हते. पाणी भरायला आलेल्या एका गोड मुलीच्या मागे मोगली हसतहसत गावात निघून जातो आणि अस्वल व काळा बिबट्या गाणे म्हणत रानात परततात.

त्या मुलीचे आईवडील आठच दिवसांपूर्वी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात गेले होते. दरवर्षीप्रमाणे ती आजीजवळ राहिली होती. आमच्या जिल्ह्याच्या तांड्यांतून आणि वाड्यावस्त्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास अशा कितीतरी गाड्या भरून जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. तिचा प्रश्न चित्रपटकलेविषयी नव्हता, हे आम्हाला घरी परतताना उमगले. तेव्हापासून तो प्रश्न आमची पाठ सोडीत नाही. पुस्तकावरून चित्रपट करणारा माणूस त्या पुस्तकाचे नेमके काय देणे लागतो? आणि मुलांचे काय देणे लागतो?

या विषयावर आपल्याकडे दोन ठरीव मते ऐकू येतात. पहिले मत पुस्तकप्रेमींचे. पुस्तकच सरस होते, चित्रपटाने त्याची माती केली, असे ते म्हणतात. हा प्रसंग गाळला, त्या पात्राचा रंग बदलला, शेवट फिरवला, अशी यादी त्यांच्याजवळ तयार असते. दुसरे मत चित्रपटप्रेमींचे. चित्रपट ही स्वतंत्र कला आहे, दिग्दर्शक हा कोणाचा लेखनिक नव्हे, त्याला हवे ते घेण्याची आणि हवे ते टाकण्याची मुभा असलीच पाहिजे, असा त्यांचा दावा असतो. दोन्ही मतांत तथ्य आहे. परंतु त्या मुलीच्या प्रश्नाला दोहोंपैकी एकही पुरे पडत नाही. चित्रपटात गाळलेल्या प्रसंगांची यादी मोठी होती. तिने विचारले एकाच प्रसंगाविषयी. कलावंताचे स्वातंत्र्य मान्य केले तरी, या स्वातंत्र्यात तिच्या हातून काय निसटले, हा प्रश्न उरतोच.

योगायोग असा की या प्रश्नाचा विचार करायला आमच्या गावाइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात एक रूपककथा सांगितली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघून जातो. त्याला बांधून ठेवण्यासाठी गौरी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते. ही वधू त्याच्या मागोमाग पूर्वेपासून दक्षिणेपर्यंत देशोदेशी हिंडते. ज्या देशात जाते तेथला वेष धारण करते, तेथल्या रीतीने नाचते, तेथल्या धाटणीने बोलते. अखेर विदर्भात काव्यपुरुष तिच्यावर पुरता लुब्ध होतो आणि दोघांचा गांधर्वविवाह होतो, तो वत्सगुल्म नगरात. गोष्ट नव्या देशात आणि नव्या माध्यमात जाते तेव्हा तिने वेष बदलावा की नाही, याचे उत्तर या कथेत आधीच आले आहे. वेष बदललाच पाहिजे. मात्र देशोदेशी वेष बदलणारी वधू एकच आहे, तिची ओळख हरवत नाही.

याच वत्सगुल्मात वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. त्या शाखेचा शेवटचा प्रबळ राजा हरिषेण. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याच्या कारकिर्दीत अजिंठ्याची अनेक लेणी कोरली आणि रंगवली गेली. सोळावे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने करविले. सतरावे त्याच्या एका मांडलिक राजाने. सतराव्या लेण्याच्या भिंतींवर जातककथा आहेत: सहा सुळ्यांचा हत्ती, माणसांचे भक्षण करणाऱ्या राक्षसिणींचे बेट, आपल्या देहाचा पूल करून कळपाला पलीकडे नेणारा वानरराज. लहानथोरांनी पिढ्यान्पिढ्या ऐकलेल्या अद्भुतकथा शब्दांतून चित्रांत गेल्या त्या अशा. वाशीमच्या राजाच्या छत्राखाली दीड हजार वर्षांपूर्वी झालेले ते माध्यमांतरच होय.

तेथल्या चित्रकारांनी मुळाशी पुष्कळ स्वातंत्र्य घेतले. कथा आधी-नंतरच्या क्रमाने न मांडता त्यांनी ती बऱ्याचदा स्थळांनुसार मांडली. राजवाड्यात जे जे घडले ते एकीकडे आणि रानात जे जे घडले ते दुसरीकडे. त्यामुळे पाहणाऱ्याला स्वतःच धागा जुळवावा लागतो. पण विश्वंतर राजपुत्राची कथा रंगवताना त्यांनी एक गोष्ट टाळली नाही. राज्याचा पाऊस आणणारा पांढरा हत्ती विश्वंतर दान देऊन टाकतो आणि त्याला वनवासाची शिक्षा होते. ही वार्ता तो पत्नी माद्रीला सांगतो तो क्षण चित्रात आहे. पुढे तो आपली दोन मुलेही मागायला आलेल्या ब्राह्मणाला देऊन टाकतो. ती मुले आजोबांच्या दरबारात उभी आहेत आणि दात विचकणारा तो म्हातारा ब्राह्मण त्यांच्या मोबदल्याचे द्रव्य घेतो आहे, तेही चित्रात आहे. दानाचा महिमा रंगवायचा म्हणून दानाचे मोल लपवलेले नाही. ते मोल मुलांनी मोजले, हेही लपवलेले नाही.

आम्हाला वाटते, निष्ठेची खरी कसोटी येथे सापडते. प्रत्येक थोर बालकथा आपल्या पात्रांकडून काही किंमत वसूल करते. कोणीतरी काहीतरी गमावतो आणि त्या गमावण्यातूनच कथेतला आनंद, शौर्य किंवा प्रेम खरे ठरते. चित्रपटाने प्रसंग बदलावेत, पात्रे गाळावीत, गाणी घालावीत. ती किंमत जोवर तो पुसून टाकीत नाही, तोवर तो मुळाशी प्रामाणिक राहिला असे म्हणता येते. आणि एखाद्या चित्रपटाने सारे प्रसंग शब्दशः ठेवले पण किंमत मात्र माफ करून टाकली, तर त्याला निष्ठावंत म्हणणे कठीण.

‘जंगल बुक’ला ही कसोटी लावून पाहू. रडयार्ड किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मला आणि हे पुस्तक त्याने अमेरिकेतील व्हर्मॉन्ट येथे राहून लिहिले. ते १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि मोगलीचे रान आमच्यापासून दूर नाही. ते सिवनीच्या डोंगरांतले, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातले आहे. ज्या वैनगंगेच्या काठी मोगली वाढतो ती सिवनी जिल्ह्यात उगम पावून पुढे भंडारा आणि गडचिरोलीकडे वाहते. पेंचचे जंगल तर सिवनी आणि नागपूर या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेले आहे. मोगलीला दूध पाजणारा लांडगा आमच्या माळरानांवरील धनगरांना कथेतून ओळखावा लागत नाही.

या पुस्तकात किंमत मोजण्याचे प्रसंग पानोपानी आहेत. माणसाच्या पिलाला कळपात घ्यावे की नाही यावर सभाशिळेवर वाद होतो तेव्हा बल्लू अस्वल त्याच्या बाजूने बोलते आणि बगीरा त्याच्या जिवाच्या बदल्यात नुकताच मारलेला एक बैल देऊ करतो. मोगलीचे आयुष्य त्या बैलाने विकत घेतलेले आहे, याची आठवण पुढे पुन्हा पुन्हा येते. १८९५ च्या ‘दुसऱ्या जंगल बुका’त, मोगली सतरा वर्षांचा होऊन माणसांकडे परत निघतो तेव्हा बगीरा दुसरा बैल मारून येतो आणि सांगतो की आता सारे ऋण फिटले, तू मोकळा आहेस. ज्याने एके काळी त्याला विकत घेतले त्यानेच त्याला जाऊ देण्याचीही किंमत मोजावी, यापेक्षा प्रेमाची अधिक नेमकी व्याख्या मुलांच्या पुस्तकात आम्ही वाचलेली नाही.

दुसरा प्रसंग वानरांचा. मोगली वानरांशी मैत्री करतो, ती त्याला पळवून नेतात आणि त्याला सोडवताना बल्लू व बगीरा दोघेही रक्तबंबाळ होतात. सुटका झाल्यावर मोगली मनापासून खंत व्यक्त करतो. पण जंगलाच्या कायद्यात खंत वाटली म्हणून शिक्षा चुकत नाही. बगीरा त्याला पाच-सहा रट्टे देतो. मोगली मुकाट्याने सोसतो आणि मग तो विषय संपतो. पुन्हा कोणी त्याचा उच्चार करीत नाही. पाप, पश्चात्ताप, प्रायश्चित्त आणि मग निर्मळ झालेले नाते हा क्रम आमच्या वाचकांना नवा नाही. मुलांनी तो कुठल्याही प्रवचनाविना समजून घेतला. एक मुलगा म्हणाला, “मारलं ते बरं झालं. नाहीतर त्याला बल्लूकडे बघताच आलं नसतं.”

१९६७ च्या चित्रपटात यातले काय उरले? बल्लू हा तिथे कायद्याचा कडक गुरू राहिलेला नाही. खावे, प्यावे, चिंता करू नये असे शिकवणारा मौजी सोबती झाला आहे. मोगलीला वाचवणारा शहाणा अजगर का हा त्याला गिळू पाहणारा विनोदी खलनायक झाला आहे. वानरांना एक ओरांगउटान राजा मिळाला आहे, जो किपलिंगच्या पुस्तकात नाही आणि भारताच्या रानातही नाही. हे सारे बदल आम्ही एकवेळ मान्य करू. परंतु बैल नाही, रट्टे नाहीत, अश्रू नाहीत. मोगलीचे जाणे कोणालाच काही पडत नाही. डिस्नेने आपल्या लेखकाला मूळ पुस्तक वाचू नकोस असेच बजावले होते, असे सांगतात. चित्रपट पाहताना ते खरे वाटते.

२०१६ मध्ये जॉन फॅव्रो यांनी केलेला चित्रपट अधिक गंभीर आहे. अमेरिकेच्या आधी आठवडाभर तो भारतात प्रदर्शित झाला होता. रान आणि प्राणी संगणकावर घडवलेले असूनही त्यात जंगलाच्या कायद्याला मान आहे आणि अकेलाचा मृत्यूही आहे. तरीही शेवटी मोगली रानातच सुखाने राहतो. पुस्तकातल्या मोगलीला कळप घालवून देतो आणि गावही दगड मारून हाकलते. शेरखानचे कातडे सभाशिळेवर पसरूनही त्याचे मन जड असते, कारण विजय मिळाला तरी घर कुठले हे ठरलेले नसते. दोन घरांच्या मधे उभ्या असलेल्या मुलाचे हे दुःख चित्रपटाने मायेने का होईना, पण बुजवून टाकले आहे.

आता चित्रपटाच्या बाजूनेही बोलले पाहिजे, नाहीतर आमचे म्हणणे म्हणजे पुस्तकी माणसांची कुरकुर ठरेल. आमच्या पिढीतल्या कित्येकांना मोगली प्रथम भेटला तो पुस्तकातून नव्हेच. १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी जपानी कार्टून मालिका हिंदीतून लागू लागली, तेव्हा वाशीम अजून अकोला जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९८ मध्ये. ज्यांच्या घरी दूरचित्रवाणी संच होता त्यांच्या ओसरीवर आळीतली सारी मुले जमत. शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता आणि तो ऐकून लहानगी खरोखर दचकत. ज्यांच्या घरात पुस्तक विकत घेण्याची ऐपत नव्हती, ज्यांना अजून अक्षर लागत नव्हते, त्यांच्यापर्यंत ही कथा पडद्यानेच पोहोचवली. हे उपकार लहान नाहीत.

शिवाय शब्द आणि चित्र यांचे मुळात वैर आहे असेही नाही. १९१० च्या सुमारास मुंबईत दादासाहेब फाळके यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि तो पाहता पाहता त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहू लागले. त्या ध्यासातून १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ जन्माला आला. १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये तर बाळकृष्णाचे काम फाळके यांच्या लहानग्या मुलीनेच, मंदाकिनीने केले. आमच्या चित्रपटाचा उगमच ऐकलेल्या अद्भुत कथा डोळ्यांनी पाहण्याच्या ओढीत आहे.

आणखी एक आक्षेप आम्ही स्वतःवरच घेतो. किपलिंग साम्राज्याचा अभिमानी होता. त्याच्या पुस्तकातले हिंदी खेडूत बहुतेक भोळसट, भित्रे किंवा दुष्ट आहेत आणि इंग्रजांचा न्याय तेवढा खरा, असा सूर मधूनमधून लागतो. अशा ठिकाणी चित्रपटाने मुळाशी इमान राखावे काय? आमच्या मते राखू नये. लेखकाचा पूर्वग्रह दुरुस्त करणे हा रूपांतरकाराचा अधिकार आहे, कदाचित कर्तव्यही आहे. दुरुस्ती करणारा कथेला अधिक खरी करू पाहतो, तर स्वस्त करणारा तिला अधिक खपाऊ करू पाहतो. दोघेही मूळ बदलतात म्हणून दोघांना एकाच दोषाचे धनी ठरवणे अन्यायाचे होईल. बदल कोणाच्या हितासाठी केला, हे पाहिले पाहिजे.

पाश्चात्त्य बालसाहित्यातील दोन मित्रांनी या प्रश्नावर फार विचार केला होता. त्यांपैकी जे. आर. आर. टोल्किन हे कॅथलिक. अद्भुतकथांवर १९३९ मध्ये दिलेल्या व्याख्यानाच्या पुढे प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी असे मांडले की चित्र किंवा नाटक एकच दृश्य रूप लादते; शब्द मात्र एका मनातून दुसऱ्या मनात जातो. कथेत ‘भाकर’ म्हटले की प्रत्येक मूल आपल्या घरची भाकर पाहते. आमच्या मुलांनी ज्वारीचीच पाहिली असेल. गंमत अशी की टोल्किन यांचे ‘हॉबिट’ हे १९३७ चे आटोपशीर बालपुस्तक २०१२ ते २०१४ या काळात तीन लांबलचक चित्रपटांत ताणले गेले. तेथे प्रसंग गाळल्याची तक्रार करायला जागाच नव्हती. एका लहान, घरकोंबड्या जिवाच्या धैर्याची कथा मात्र लढायांच्या धुरळ्यात दिसेनाशी झाली.

दुसरे मित्र सी. एस. लुइस. त्यांच्या नार्नियाकथांतील पहिले पुस्तक १९५० चे. आपल्या अस्लान सिंहाचे सोंग घेऊन कोणी नट पडद्यावर वावरावा, हे त्यांना मुळीच मान्य नव्हते. नभोवाणीवर कथा सादर करण्यास मात्र त्यांची हरकत नव्हती. आवाजातून ऐकणाऱ्याला आपला सिंह आपणच घडवता येतो, हे याचे एक कारण आम्हाला दिसते. लुइस १९६३ मध्ये वारले आणि २००५ मध्ये या पुस्तकावर चित्रपट निघालाच. त्यातली लढाई पुस्तकातल्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठी आहे, सुरुवातीचे लंडनवरील बॉम्बहल्ल्याचे दृश्य नव्याने घातलेले आहे. पण एडमंड आपल्या भावंडांचा विश्वासघात करतो, त्याची किंमत कोणाला तरी द्यावी लागते आणि ती निरपराध अस्लान पाषाणाच्या चौथऱ्यावर आपला जीव देऊन देतो, हे चित्रपटाने टाळले नाही. म्हणून अनेक बदलांसह तो आम्हाला पुस्तकाचा सख्खा वाटतो.

घरचे उदाहरण घ्यायचे तर ‘श्यामची आई’ घ्यावे लागेल. ती अद्भुतकथा नाही, पण मराठी मुलांच्या मनात तिच्याइतके खोल रुजलेले पुस्तक दुसरे नाही. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या बेचाळीस रात्रींतून आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये चित्रपट केला. बेचाळीस रात्री त्यात मावणे शक्य नव्हते. निवड करावी लागली, पुष्कळ सोडावे लागले. दारिद्र्य, अपमान आणि आईचा मृत्यू मात्र त्यांनी सोडला नाही. १९५४ मध्ये पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक या चित्रपटाला मिळाले. अत्र्यांसारख्या विनोदकाराला प्रेक्षकांना हसते ठेवणे अवघड नव्हते. कुठे हसवायचे नाही हे त्यांना ठाऊक होते.

आमच्या परंपरेत तर याहून जुना दाखला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. पवित्र शास्त्रातली कथा त्यांनी सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत घातली. भाषा बदलली, छंद बदलला, सांगण्याची रीत पुराणिकाची झाली. क्रूस मात्र सौम्य झाला नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्याचा विचार करा. दूर देशातली उपासमार आणि डुकरांची चाकरी त्यातून काढून टाकली आणि मुलगा सहलीहून यावा तसा परत आला असे दाखवले, तर बापाच्या मिठीत काय उरेल? मिठी तीच, बाप तोच; पण पाहणाऱ्याच्या घशात आवंढा येणार नाही.

मुलांना दुःख सोसत नाही म्हणून आम्ही ते गाळतो, असे चित्रपट काढणारे सांगतात. आम्हा आईबापांनाही ते पटते, कारण आमचीही तीच इच्छा असते. पण त्या संध्याकाळी आमच्यासमोर बसलेल्या मुलांत दुःखाची ओळख नसलेले मूल कोणते होते? एकीचे आईवडील उसाच्या फडात होते. एकाने त्या वर्षी आजोबांना पोहोचवले होते. एकाचे घर कर्जापायी विकले गेले होते. त्यांना दुःख आम्ही दाखवले नसते तरी माहीत होतेच. त्या दुःखाला नाव असते, ते पुस्तकातल्या शूर मुलालाही होते आणि त्यातून मनुष्य मरत नाही, हे तेवढे त्यांना माहीत नव्हते. बगीरा मोगलीला नेमके हेच सांगतो. चित्रपटाने ते पान गाळले तेव्हा मुलांचे दुःख कमी झाले नाही. त्यांना मिळालेला सोबती तेवढा गेला.

म्हणून मुलांना चित्रपट दाखवू नयेत, असे आम्ही म्हणत नाही. आम्ही पुढच्या सुटीतही दाखवणार आहोत. फक्त आता क्रम उलटा ठेवणार आहोत. आधी पडदा, मग पुस्तक. म्हणजे पडद्याने जे दिले त्याचा आनंद घेऊन, त्याने जे राखून ठेवले ते मुलांना पुस्तकातून मिळेल आणि शेवटचा शब्द पुस्तकाचा राहील.

त्या रात्री चादर घडी करून ठेवल्यावर आम्ही पुस्तक पुन्हा उघडले. बरीचशी मुले घरी गेली होती. चार-पाच उरली होती. ते पान आम्ही पुन्हा वाचले: मोगलीच्या छातीत काहीतरी दाटून येते तिथपासून तो गुहेत आईला बिलगून रडतो तिथपर्यंत. ती मुलगी गुडघ्यांवर हनुवटी टेकून ऐकत होती. वाचन संपल्यावर तिने विचारले, “मग तो परत येतो ना आईकडे?” येतो, आम्ही सांगितले. शेरखानचे कातडे घेऊन येतो आणि आधी आईच्याच गुहेपाशी जातो. “किती दिवसांनी?” पुस्तकात नेमके दिवस मोजलेले नाहीत. तिने मोजले असावेत, कारण बोटे दुमडीत ती काहीतरी पुटपुटली आणि मग आजीचा हात धरून अंधारातून घरी गेली.